कॅसेट भरून मिळेल

पिंपरी पेंढारहून नगरच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात आळेफाटा लागतो. पुणे-नाशिक रस्ता तिथे कल्याण-नगर रस्त्याला छेदतो. एसटी बदलणाऱ्यांची आणि कांद्याच्या गाड्यांची तिथे सदा वर्दळ. त्या गर्दीत एके काळी गाणीही विकली जायची. दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढंच दुकान, छतापर्यंत कॅसेटी, आणि दारावर पाटी: ‘कॅसेट भरून मिळेल’. पाटीखालच्या स्पीकरवर सकाळी हरिपाठ, दुपारी सिनेमाची गाणी आणि संध्याकाळी प्रल्हाद शिंदे. एसटी चुकली तरी त्या दारात उभ्या माणसाला फारसं वाईट वाटत नसे.

आमच्या भागात गाण्याचं दुकान उशिरा आलं, गाणी मात्र कधीच आली होती. ती आणली स्पीकरवाल्यांनी. लग्न असो, बारसं असो, गावची जत्रा असो, आंब्याच्या फांदीला कर्णा बांधला जायचा आणि खाली लोखंडी पेटीतून तबकड्या निघायच्या. गावात रेकॉर्ड विकत घेणारा माणूस बहुधा हाच एक. त्याच्या पेटीत जे असेल ते सगळ्या शिवाराने ऐकायचं. कांदे काढणाऱ्या बायका कर्ण्यावरचं गाणं दोनदा ऐकून तिसऱ्यांदा म्हणायला लागत. संगीताचं वाचनालय म्हणतात ते आमच्याकडे ही पेटीच होती, आणि तिचा ग्रंथपाल तारा जोडणारा, धुळीने माखलेला माणूस होता. त्याचं नाव कुठल्याही संगीताच्या इतिहासात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिंदुस्थानात तबकडीवरचं ध्वनिमुद्रण आलं १९०२ साली, कलकत्त्यात; गौहर जानचा आवाज त्या पहिल्या आवाजांपैकी एक. आधी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. त्या लाखेच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. ख्याल गाणाऱ्यांनी तीन मिनिटांत राग मांडायची कला कमावली. नाट्यपद बसलं, भावगीत तर जणू त्या मापातच जन्माला आलं. पण आमच्या मातीतला ऐवज त्या मापाचा नव्हता. तमाशातला गण, गौळण, बतावणी आणि मग वग म्हणजे रात्र सरून तांबडं फुटेपर्यंतचा मामला. कीर्तनही दोन-दोन तास चालायचं. तबकडीत फार तर त्यातली एखादी लावणी जायची. ती ज्या रात्रीची, ती रात्र बाहेरच राहायची.

आणि ही रात्र आमच्या अगदी शेजारची. आळेफाट्याहून पुण्याकडे वळलं की नारायणगाव. चैत्रातल्या जत्रांच्या आधी इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी येऊन सुपाऱ्या देतात. इथल्याच फडातून विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर महाराष्ट्रभर गाजल्या. २००२ साली त्या गेल्या. राज्य शासनाचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

तमाशाची ही रात्र मावेल असं पहिलं भांडं म्हणजे कॅसेट. फिलिप्सने ती १९६३ साली बाजारात आणली. आपल्याकडे खेड्यापर्यंत पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. टी-सीरिज, व्हीनस अशा नव्या कंपन्या उतरल्या, किमती खाली आल्या आणि एका मोठ्या कंपनीची सद्दी संपली. साठ मिनिटं, नव्वद मिनिटं! वगनाट्यांच्या कॅसेटी निघाल्या, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ घराघरांत गेला, आनंद शिंदे रिक्षात आणि ट्रॅक्टरवर वाजू लागले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोरी कॅसेट मिळू लागली. आता आवाज धरून ठेवायला कंपनीची गरज उरली नाही.

फाट्यावरच्या त्या पाटीचा अर्थ हाच होता. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायचं. दुकानदार ती वाचायचा, मान हलवायचा, मधलं एखादं गाणं खोडून दुसरं सुचवायचा. आठवड्याच्या बाजाराला कॅसेट तयार. ‘अ’ बाजू संपताना शेवटचं गाणं अर्ध्यावर तुटू नये म्हणून तो मिनिटांचा हिशोब मांडायचा. त्यात त्याचा सगळा जीव असायचा. मधूनच स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस टेपच्या हेडवरून फिरवायचा. कापसावर तपकिरी भुकटी उतरायची. फितीवरचा लोहाचा तो थर म्हणजे आवाजच, थोडाथोडा झिजून निघालेला. तेव्हा ते मला कळलं नव्हतं. आज ती भुकटी डोळ्यांपुढून हलत नाही.

दुकानदाराचा कान काय करू शकतो, ते पुण्याने पाहिलं आहे. सुरेश अलूरकरांचं अलूरकर म्युझिक हाऊस कर्वे रस्त्यावर होतं. इतरांच्या कॅसेटी विकता विकता त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रणं करायला घेतली. गजाननबुवा जोशी, शरच्चंद्र आरोलकर, मालिनी राजूरकर यांचं गाणं त्यांनी जपलं. आरोलकरांसारख्या गवयाच्या कॅसेटीला गर्दी होणार नाही, हे दुकानदाराला कळत नसेल असं थोडंच आहे? तरी त्यांनी ती काढली. आज अलूरकरही नाहीत, दुकानही नाही. पण ग्वाल्हेर गायकीचा तो अस्सल स्वर ऐकायला मिळतो तो एका दुकानदाराच्या हट्टामुळे. मुंबईत काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस १९४८ पासून २०१६ पर्यंत चाललं. ते बंद झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं. फाट्यावरच्या दुकानाबद्दल कोणी ओळही लिहिली नाही. सीडी आली, मग पेन ड्राइव्ह, मग मोबाइलमध्ये गाणी भरून देणारे, आणि एक दिवस तिथे मोबाइलची कव्हरं लटकली.

सिनेमाची गाणी कुठे गेली नाहीत, ती कुठेही मिळतात. गेलं ते भरून घेतलेलं. कोणी जत्रेत कनातीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून वग भरला, कोणी सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, कोणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या. नारायणगावच्या रात्रींना अलूरकर भेटला नाही. ते काम आमच्याच लोकांनी, नकळत, साठ-साठ मिनिटांच्या तुकड्यांत केलं. माझ्या मते या भागाचा खरा ध्वनिसंग्रह आजही आमच्या घरांच्या माळ्यांवर, खोक्यांत पडून आहे. दमट हवेने त्याला बुरशी लागते आहे.

मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने जुन्या तबकड्या जपण्याचं काम केलं आहे. सुरेश चांदवणकरांसारखी माणसं त्यासाठी वर्षानुवर्षं झटली. कॅसेटींसाठी ते आपल्यालाच करावं लागेल. म्हणून एवढं करा. माळ्यावरचं खोकं खाली घ्या. छापील कॅसेटी बाजूला ठेवा आणि हाताने नाव लिहिलेल्या आधी उचला. बुरशी दिसली तर लगेच वाजवू नका, फीत तुटते. जाणकाराकडून साफ करून संगणकावर उतरवून घ्या. गावातलं जे म्हातारं माणूस तो आवाज ओळखेल त्याला शेजारी बसवा आणि आवाज कोणाचा, कुठल्या जत्रेतला, कोणत्या सालचा, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. ओळखणारी माणसं फितींपेक्षा लवकर जात आहेत.