मध्यस्थाचे ‘आम्ही’

ख्रिस्ती उपासनेतील मध्यस्थीची प्रार्थना इतरांसाठी केली जाते: गावासाठी, पीडितांसाठी, क्वचित पूर्वजांच्या अपराधांसाठीही. ‘जुन्या करारा’तील दानिएल व नहेम्या पूर्वजांच्या पापांची कबुली देतात, तेव्हा त्या दोषातून स्वतःला सोडवून घेत नाहीत.

मराठीत हा सर्वनामाचा प्रश्न अधिक टोकदार होतो. ‘आपण’ ऐकणाऱ्याला सामावून घेते, तर ‘आम्ही’ त्याला वगळते. प्रार्थनेचा श्रोता देव असल्याने तेथे ‘आम्ही’ म्हणणेच प्राप्त असते. परंतु जवळ उभ्या असलेल्या बिगरख्रिस्ती शेजाऱ्याला त्या ‘आम्ही’त आपण नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. ज्या गावासाठी करुणा भाकली, त्यालाच ती प्रार्थना परकी वाटावी, हा धोका येथे संभवतो.

या दृष्टीने पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) केडगावकडे पाहता येईल. १९०५ साली तेथील मुक्ती मिशनमध्ये सामुदायिक प्रार्थनेला उधाण आले. प्रार्थना करणाऱ्यांत १८९६–९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचलेल्या मुली होत्या. स्वतः रमाबाईंनीही तरुणपणी दुष्काळातील उपासमारीत आईवडील गमावले होते. भुकेल्यांसाठी याचना करणाऱ्या या स्त्रियांना भूक ऐकून ठाऊक नव्हती. त्यांच्या ‘आम्ही’त तिचा इतिहास आधीच सामावलेला होता.

मध्यस्थाने ज्यांच्यासाठी हात जोडले, त्यांच्या इतिहासाचा किती भार स्वतःवर घेतला, यावरच त्याच्या ‘आम्ही’चा खरेपणा ठरतो.