भाड्याची खुर्ची

मराठी विभागात माझं नाव बघून लेडीज हॉस्टेलवर हसाहशी होणार, हे मला माहीत आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे आमचं मराठी म्हणजे काठावर पास! ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील असं धरून चालते. पण ही गोष्ट आजीची आहे आणि ती इंग्रजीत लिहिली तर आजी वाचणार कशी?

आमचं घर वाशिंदला. (नाही, वसईजवळ नाही! कसारा लोकलने खडवलीनंतरचं स्टेशन.) मागच्या डिसेंबरात सेमिस्टर संपल्यावर सगळ्यांनी इमॅजिकाला जायचं ठरलं. खोपोलीजवळचं हे पार्क २०१३ साली सुरू झालं, तेव्हापासून बाबा "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होते. शेवटी ते पुढचं वर्ष उजाडलं. फक्त आजी म्हणाली, "तुम्ही जा. मला गर्दी सोसत नाही."

हे वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. आत्याच्या मुलीच्या लग्नाला गर्दी. टिटवाळ्याचा गणपती दोन स्टेशनांवर, तरी तिथे गर्दी. आम्ही मान हलवायचो आणि येताना तिच्यासाठी पेढे आणायचो. पण या वेळी माझा चुलतभाऊ, इयत्ता तिसरी, अडून बसला. आजी नाही तर मीपण नाही!

व्हीलचेअरची आयडिया माझी. आजी भडकलीच. "खुर्चीत बसायला मी काय आजारी आहे?" बाबांनाही ते पटत नव्हतं. लोक विचारणार, आईला काय झालं? आणि खरं सांगू का, मलाही आतून तसंच वाटत होतं. तिथे कॉलेजचं कुणी भेटलं तर?

तरी मी कल्याणला जाऊन सर्जिकल सामानाच्या दुकानातून खुर्ची आणली. दिवसाचं भाडं शंभर रुपये, डिपॉझिट दीड हजार. पावतीवर रकाना होता, ‘रुग्णाचे नाव’. तिथे आजीचं नाव लिहायला हात होईना. मी माझंच लिहिलं. दुकानदाराने एकदा पावतीकडे, एकदा माझ्या धडधाकट पायांकडे बघितलं आणि गप्प बसला.

येताना खुर्ची घडी करून लोकलमध्ये उभी केली. सीटखाली फुलीसारखे दोन दांडे असतात, सीट मधोमध वर ओढली की दोन्ही चाकं जवळ येतात. मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगते, हे डिझाइन हॅरी जेनिंग्ज नावाच्या इंजिनिअरचं. त्याचा मित्र हर्बर्ट एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात अधू झाला होता आणि त्या काळच्या अवजड खुर्च्या मोटारीत मावत नसत. म्हणून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जेनिंग्जने स्टीलच्या नळ्यांची ही घडीची खुर्ची बनवली. पुढे दोघांनी मिळून कंपनीच काढली. मित्राला फिरायला नेता यावं एवढ्यासाठी! आपण मात्र मित्राला सबमिशनची फाईल द्यायची म्हटली तरी तीनदा विचार करतो. असो.

रात्री गल्लीत प्रॅक्टिस झाली. चुलतभाऊ खुर्चीत, मी मागे. पहिल्याच खड्ड्यात पुढची छोटी चाकं अडकली आणि स्वारी रस्त्यावर! त्यातून धडा मिळाला. उंबरा किंवा खाच आली की खुर्ची उलटी फिरवायची आणि मागची मोठी चाकं आधी न्यायची. उतारावरही उलटंच उतरायचं, नाहीतर बसलेलं माणूस पुढे घसरतं. आणि उठता-बसताना दोन्ही ब्रेक लावून पायाच्या पट्ट्या वर करायच्या. आजी ओट्यावरून हे सगळं बघत होती. बोलली काही नाही. सकाळी मात्र नवी नऊवारी नेसून सगळ्यांच्या आधी तयार!

मुरबाडवरून कर्जतच्या रस्त्याने निघालो. म्हसा आलं आणि आजीची कळी खुलली. पौष पौर्णिमेला म्हशाची मोठी जत्रा भरते, बैलांचा बाजार आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध. लहानपणी ती बैलगाडीतून यायची म्हणे, आणि पाळण्यात बसायला मिळावं म्हणून वाटेत अजिबात रडायची नाही.

पार्कच्या पार्किंगमध्ये मी खुर्ची उघडली. आजीने पदर सावरला, इकडेतिकडे बघितलं आणि बसली. मूठ घट्ट धरलेली. पहिली दहा मिनिटं ती मान खाली घालून होती. मग नायट्रो ही रोलरकोस्टर डोक्यावरून धडधडत गेली, वरची पोरं किंचाळली आणि आजीने मान वर केली. "पैसे देऊन ओरडतात होय गं ही?" त्यानंतर ती थांबलीच नाही. इकडे ने, तिकडे ने, ते काय आहे, त्याच्या मागे काय आहे... माझे दंड भरून आले. ती स्वतः एकाही राईडमध्ये बसली नाही. तिला फक्त सगळं बघायचं होतं.

दुपारी एका रांगेत खुर्ची बघून तिथल्या मुलाने आम्हाला बाजूने पुढे सोडलं. झालं! काकांचे डोळे चमकले. "आई, पुढच्यालाही चल, नुसती सोबत ये." सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या रांगेत आजी म्हणाली, "मला बसायचं नाही, मग मी कशाला पुढे? ही माणसं उन्हात उभी आहेत." काका गप्प. आम्ही मागे जाऊन रांग धरली आणि आजी झाडाखाली पिशव्या सांभाळत बसली. नंतर मी वाचलं, फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये काही श्रीमंत कुटुंबं रांग चुकवण्यासाठी अपंग व्यक्तींना गाईड म्हणून पैसे देऊन सोबत नेतात, अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या होत्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने नियम बदलले. काकांना तो लेख फॉरवर्ड केला नाही. घरात शांतता हवी.

संध्याकाळची परेड बघायला आम्ही कडेला थांबलो. मी सहज विचारलं, "आजी, आज गर्दी सोसली ना?"

ती परेडकडेच बघत म्हणाली, "गर्दीचं काय... चालवत नाही गं. थोडं चाललं की बसावंसं वाटतं आणि बसायला कुठे नसतं. तुम्ही सगळे थांबणार, मग तुमचाही खोळंबा. त्यापेक्षा गर्दी म्हटलं की कुणी विचारत नाही."

मी काय बोलणार? चार वर्षं ती "गर्दी" म्हणत होती आणि आम्ही पेढे आणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची परत करायला काढली. आजी दारात आली. "आजच द्यायला पाहिजे का?"

बाजारपेठेच्या टोकाला तिची मैत्रीण राहते. आमच्या घरापासून फार तर सातशे मीटर! दोघी दिवाळीला फोनवर बोलतात, मला वाटायचं तेवढंच पुरतं. मी दुकानदाराला फोन करून एक दिवस वाढवून घेतला. बाजारातून जाताना भाजीवाल्या मावशींनी विचारलंच, "काय झालं आजीला?"

"काही नाही," आजी म्हणाली, "फिरायला निघाले."

मैत्रिणीच्या दाराला उंच उंबरा. खुर्ची उलटी फिरवून मी आजीला आत घेतलं. दोघींनी आधी एकमेकींचे हात धरले, मग गुडघ्यांची चौकशी झाली, मग चहा. मी मोबाईल काढून कोपऱ्यात बसले. तासाभराने मैत्रीण आजी खुर्चीच्या चाकावरून हात फिरवत म्हणाल्या, "ऊठ बघू जरा. मला बसून बघू दे."

मी दोन्ही ब्रेक लावले आणि पायाच्या पट्ट्या वर केल्या.