सांधा

नागपूरचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला घरातल्या एसीची किंमत वेगळी सांगायला नको. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी हौसेने बसवलेल्या एसीतून यंदाही नुसता वारा येऊ लागला, तेव्हा मुलगा वैतागला. "गॅस संपला पुन्हा," असे म्हणत त्याने फोन उचलला.

"संपेल कसा? ती काय चूल आहे?" बाबा पलंगावरून म्हणाले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून बाबांची उभी हयात गेली होती. पण हातांना कंप सुटल्यापासून त्यांचे बोलणे घरात कुणी फारसे मनावर घेत नसे. चहाचा कपसुद्धा त्यांना अर्धाच भरून मिळे.

आलेला मेकॅनिक विशीतला पोरगा. त्याने मात्र ऐकले. "काकाजी बरोबर बोलले. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय."

साबणाचे पाणी लावताच आतल्या युनिटमागे, जाड नळीच्या सांध्यावर बारीक बुडबुडे दिसू लागले. उरलेला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन त्याने नट सोडला. नळीचे पसरवलेले तोंड चिरले होते. आधीच्या माणसाने घाईत, नुसत्या जोरावर नट आवळला होता.

पोराने तेवढा तुकडा कापला, कीस आत पडू नये म्हणून तोंड खाली धरून कडा साफ केल्या आणि फ्लेअरचे हत्यार लावले.

"नट आधी घाल रे, बाळा!"

पोरगा जीभ चावून हसला. तोंड पसरल्यावर नट आत जातो कुठे?

नव्या तोंडाला तेलाचे बोट लावून त्याने नट आधी हातानेच फिरवला. मग दोन पाने काढले. एकाने नट आवळायचा, दुसऱ्याने सांध्याची मागची बाजू रोखायची, नाहीतर नळी पिळली जाते. दुसरा पाना त्याने बाबांपुढे केला. "काकाजी, एवढा धराल?"

मुलगा पुढे झाला. पण बाबांनी पाना दोन्ही हातांनी घट्ट पकडला होता. थरथर पान्यापर्यंत पोचत होती, पकड मात्र सुटली नाही. पोराने घाई केली नाही.

नंतर पंप लावून त्याने नळ्यांतली हवा ओढून काढली. "अजून किती वेळ?" मुलाने घड्याळ पाहिले.

"हवा आणि बाष्प आत राहिले, तर पुढे कॉम्प्रेसरच जाईल, दादा."

पंप बंद करून तो काटा हलतो का ते पाहत थांबला. मग वजनावर मोजून गॅस भरला आणि पुन्हा साबणाचे पाणी लावले. एकही बुडबुडा नाही.

सूनबाईने चहा आणला. बाबांचा कप आज काठोकाठ भरलेला होता. थोडा बशीत सांडला. कुणी काही बोलले नाही.