बाळापूरला थांबलो

अमरावतीहून शेगावला जाताना, अकोला सोडलं की पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर बाळापूर लागतं. आम्ही दरवर्षी तिथून जातो आणि एकदाही थांबलो नव्हतो. हे जरा विचित्रच, कारण बाबांचा जन्म बाळापूरचा. 'गजानन विजय' वाचणाऱ्यांना हे गाव बाळकृष्णबुवांमुळे माहीत असेल. आमच्या घरात मात्र त्याचं नाव फारसं निघत नसे.

या दिवाळीत मी न विचारताच गाडी किल्ल्याकडे वळवली. बाबा म्हणाले, "काय पाहाचं हाय तिथं? इटाच तं हायेत."

विटाच आहेत, खरंय. पण काय विटा! वऱ्हाडात किल्ला म्हटलं की आपल्याला गाविलगड आणि नरनाळाच आठवतात, डोंगरावरचे, दगडी. हा सपाटीवर, मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये. पावसाळ्यात नद्या फुगल्या की एक बाजू सोडून सगळीकडे पाणी. म्हणजे खंदक फुकटात! तटाखाली बाळादेवीचं देऊळ आहे, तिच्यावरूनच गावाचं नाव. किल्ला पुरा केला अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने, १७५७ मध्ये. सुरुवात औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने १७२१ मध्ये केली असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. गंमत म्हणजे आझमशहा १७०७ लाच जाजाऊच्या लढाईत मारला गेला होता. एक तर साल चुकलंय नाहीतर माणूस. असो.

मी हे सगळं बाबांना ऐकवत होतो आणि ते दरवाजातून आत गेल्यावर एका जागी थांबून राहिले.

"इथं कचेरी होती."

किल्ल्यात पूर्वी सरकारी कचेऱ्या होत्या. बाबा दहा वर्षांचे असताना आजोबांबरोबर इथे आले होते. आत्याच्या लग्नाचं कर्ज झालं होतं, विहिरीजवळचं शेत द्यावं लागलं. शेत गेलं एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"अंगठ्याची शाई पुसाले फडकं नोतं. तं माह्या सदऱ्याले पुसली त्यायनं. मायनं लय धुतला, डाग नाही गेला. तोच घालून शाळेत जात होतो."

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार?

मग तेच म्हणाले, "चाल, छत्री दाखवतो तुले."

नदीकाठची ही छत्री मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाते. तेच, १६६५ च्या पुरंदरच्या तहातले. १६६७ मध्ये इथून वर बुऱ्हाणपूरला वारले. काळ्या दगडाची, पंचवीस फूट चौरस, तेहतीस फूट उंच. एकदा पुरात तिचा पाया वाहून गेला होता, तो पुन्हा बांधला. बाबांना यातलं काही नको होतं. ते हाताने दाखवत होते, पूर आला की कुठून उडी मारायचे आणि कुठे निघायचे.

बाबांना पोहता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

शेगावला पोचेपर्यंत दर्शनाची रांग भलतीच लांबली होती. रांगेत उभे राहून बाबा आईला फोनवर सांगत होते, "थांबलो होतो बाळापूरले. पोरानं पाहाचं म्हणलं म्हणून."