दम लवकर येतो, हाडं वेळ घेतात

पन्नाशीच्या आसपास पहिली मॅरेथॉन धावायला निघालेल्यांचा सराव सलग होत नाही. कधी पोटरी धरते, कधी टाच दुखते, कधी नडगीत कळ येते. न्यूझीलंडच्या ओल्या हिवाळ्यात फ्लू होतो, किंवा भारतातून आईवडिलांच्या आजारपणाचा फोन येतो, विमान धरावं लागतं आणि सरावाचे आठवडे हातून जातात. ऑकलंडची माझी पहिली मॅरेथॉनही अशाच तुटक तयारीनंतर झाली. त्या काळात जे भोगलं आणि जे वाचलं त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. खंड पडणं हा तयारीतला खरा धोका नाही, बुडालेला सराव घाईने भरून काढणं हा आहे. मधल्या वयात दम फार लवकर परत येतो. हाडं आणि कंडरा मात्र आपल्या गतीनेच तयार होतात. म्हणून वेळापत्रक शरीरातल्या सर्वांत संथ भागावर बेतायला हवं, आणि त्यासाठी शर्यत पुढे ढकलावी लागली तर ती न संकोचता ढकलावी.

आधी दमाचं पाहू, कारण लोक हताश होतात ते दम गेला म्हणून. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं गेलं आणि त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजली गेली. ती झपाट्याने घसरली. याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासलं तेव्हा असं दिसलं की तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढी हानी झाली होती, त्याहून त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने जास्त झाली होती. मग त्यांना सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल चालवणं असा बेताबेताने वाढवलेला व्यायाम दिला आणि ती क्षमता पुन्हा विशीतल्या सुरुवातीच्या पातळीवर आली. माणसं पाचच होती हे खरं, पण निष्कर्ष मधल्या वयाच्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. सराव थांबल्यावर काय होतं, याचंही मोजमाप आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुरलेल्या धावपटूंनी आणि सायकलपटूंनी सराव पूर्ण थांबवला, तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत ही क्षमता साधारण सात टक्क्यांनी आणि बारा आठवड्यांनी सोळा टक्क्यांनी उतरली. ही घट मोठी आहे, पण भरून येणारी आहे. शिवाय पाय दुखत असताना पोहता येतं, सायकल चालवता येते, म्हणजे दम बराचसा राखताही येतो.

अडचण इथूनच सुरू होते. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवा भरतं. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरण्याला महिने लागतात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. रजोनिवृत्तीच्या सुमारास बायकांच्या हाडांची झीज वाढते, तेव्हा आम्हाला हा मधला काळ जास्तच जपावा लागतो. पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड कंडरेची गोष्ट याहून निराळी आहे. तिच्या गाभ्यातला तंतू वाढीचं वय सरल्यानंतर जवळजवळ नव्याने घडतच नाही, असं डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. ती भाराला सरावते, पण फार सावकाश. आता एखादी बाई महिनाभर सायकल मारून दम टिकवते आणि दुखणं थांबल्यावर पुन्हा रस्त्यावर येते. छाती म्हणते धाव, कारण छाती तयार आहे. पाय मात्र महिन्यापूर्वी होते त्याहूनही कच्चे आहेत. दुसरी दुखापत बहुतेक वेळा इथेच होते आणि ती पहिलीपेक्षा जास्त काळ घरी बसवते.

पायांचं म्हणणं ऐकायचं कसं? धावताना ते नीट ऐकू येत नाही, कारण दुखरी कंडरा धावून गरम झाली की गप्प बसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. पलंगावरून उतरून टाकलेली पहिली दहा-बारा पावलं जड, आखडलेली पडतात का ते पाहावं. टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर, कंडरा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबावी. तिथे कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर कालचं अंतर जास्त झालं. नडगीचंही तसंच. आतल्या कडेवरून अंगठा वरपासून खालपर्यंत दाबत न्यावा. वीतभर पट्ट्यात पसरलेलं दुखणं सहसा विश्रांतीने आणि सराव कमी केल्याने आटोक्यात येतं. एकाच टिचभर जागेवर टोचल्यासारखं दुखलं, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता धरून धावणं त्याच दिवशी थांबवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. कोणतंही घड्याळ किंवा अॅप या चिमटीपेक्षा जास्त सांगत नाही, असं मला अनुभवाने वाटतं.

हे संथपणाचं शास्त्र न्यूझीलंडला नवं नाही. जगाला ते याच देशाने शिकवलं. ऑकलंडच्या ओवाइराका उपनगरातले आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत आणि रात्री दुधाचा रतीब घालत. तिशीच्या आत असतानाच एका पाच मैलांच्या धावण्यात दम संपला, तेव्हा आपलं चाळिशी-पन्नाशीत काय होईल, या प्रश्नाने ते स्वतःवरच प्रयोग करू लागले. पुढे १९५३ आणि १९५५ मध्ये ते देशाचे मॅरेथॉन विजेते झाले. त्यांच्याच आसपासच्या वस्तीतून घडलेले पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली आणि बॅरी मॅगी यांनी मॅरेथॉनचं कांस्य आणलं. वेगाच्या सरावाआधी महिनोन् महिने संयत गतीच्या लांब धावण्याचा पाया घालायचा, हे त्यांच्या पद्धतीचं मर्म. माउंट रॉस्किल, सँडरिंगहॅम, ओवाइराका या पट्ट्यात आज आपण भारतीय मोठ्या संख्येने राहतो. ज्या रस्त्यांवर आपण तूरडाळ आणि कढीपत्ता घ्यायला जातो, त्यांच्या शेजारच्याच रस्त्यांवर हे सगळं घडलं. आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

माझ्या मुद्द्यासाठी लिडियार्ड यांच्या पदकविजेत्यांपेक्षा त्यांचे वयस्क शिष्य मोलाचे आहेत. १९६२ च्या सुमारास त्यांनी ऑकलंडमधल्या सुटलेल्या पोटांच्या, काही तर हृदयविकार होऊन गेलेल्या मध्यमवयीन लोकांना हळूहळू धावायला लावलं. अट एकच होती, धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन इथे आले. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. या मंडळींबरोबर धावताना सत्तरी पार केलेल्या, हृदयविकार झालेल्या एका गृहस्थांशीही त्यांना बरोबरी करता येईना. बॉवरमन यांनी ही पद्धत मायदेशी नेली आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञासह त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या सामान्य माणसाचं जॉगिंग पसरलं त्यामागे ऑकलंडच्या या मंडळींचा मोठा वाटा आहे. रोटोरुआचे जॅक फॉस्टर हे दुसरं उदाहरण. बत्तिशीच्या सुमारास धावायला लागलेले फॉस्टर १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, २ तास ११ मिनिटं १८ सेकंदांत मॅरेथॉन धावून दुसरे आले. त्यांच्याकडे उपजत गुण होता आणि आधीची कित्येक वर्षं सायकलिंगची होती, हे मान्य. पण तयार छाती घेऊन आलेल्या या माणसानेही पायांना वर्षं दिली, आणि माझ्या युक्तिवादात तीच गोष्ट महत्त्वाची आहे.

आपल्या लोकांसाठी यात दोन गोष्टींची भर घालावी लागते. न्यूझीलंडच्या आरोग्यव्यवस्थेची शिफारस अशी आहे की हृदयरोगाच्या धोक्याची तपासणी इतर पुरुषांची ४५ व्या आणि स्त्रियांची ५५ व्या वर्षापासून व्हावी, तर माओरी, पॅसिफिक आणि दक्षिण आशियाई लोकांची ती पंधरा वर्षं आधीच, म्हणजे पुरुषांची ३० व्या आणि स्त्रियांची ४० व्या वर्षापासून सुरू व्हावी. आपल्यात मधुमेह आणि हृदयविकार लवकर येतात, त्यामुळे दम वाढवण्याची गरज आपल्याला जास्त आहे. दुसरी गोष्ट, सावळ्या त्वचेला इथल्या हिवाळ्यातल्या उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसं मिळणं कठीण जातं आणि त्याची कमतरता हाडांना भोवते. नेमक्या याच महिन्यांत ऑकलंडच्या शर्यतीचा सराव वाढत असतो. दुखण्याच्या खर्चाबद्दलही इथे सांगून ठेवते. पाय मुरगळला तर उपचाराचा बराचसा भार एसीसी ही अपघाती दुखापतींचा खर्च भागवणारी सरकारी संस्था उचलते, पण खेळातून हळूहळू झिजून आलेलं दुखणं सहसा त्यात बसत नाही. त्या कारणाने फिजिओकडे जाणं लांबवू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिस्तीचा. सोळा आठवड्यांचं वेळापत्रक असतं, ते पाळावं, दुखणी-खुपणी कुरवाळत बसलं तर कोणीच धावणार नाही. शिस्तीचं मोल मी जाणते. पण ते वेळापत्रक खंड न पडणाऱ्या शरीरासाठी लिहिलेलं असतं आणि त्यातला आठवा आठवडा पहिले सात झाले आहेत असं धरून चालतो. चार आठवडे बुडाल्यावर बाराव्या आठवड्याचं लांब अंतर धावणं ही शिस्त नव्हे. बुडालेले आठवडे गेले असं समजून आधीच्या निम्म्या अंतरापासून सुरू करणं आणि सकाळची ती चिमटी साफ निघेपर्यंत पुढे न जाणं, यालाच मी शिस्त म्हणते. ती पाळायला जास्त मन घट्ट करावं लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. एकदा ढकललेली शर्यत कायमची ढकलली जाते. हे पुष्कळांच्या बाबतीत खरं आहे, विशेषतः बायकांच्या, कारण घरात आपलं काम नेहमी शेवटी येतं. यावर उपाय एकच, पुढची तारीख ठरवूनच ढकलणं. न्यूझीलंडमध्ये ते सोपं आहे. रोटोरुआची १९६५ पासूनची मॅरेथॉन शरद ऋतूत असते आणि ऑकलंडची वसंतात, म्हणजे एक हुकली तर साधारण सहा महिन्यांनी दुसरी आहे. हाडाला हवा असतो तो वेळही साधारण इतकाच.

मग अर्धी मॅरेथॉन का नाही, गुडघ्यांचं काय, हृदयाचं काय, हे प्रश्न घरची मंडळी काळजीपोटी विचारतात आणि त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे. २०१७ मधल्या एका मोठ्या आढाव्यात गुडघ्या-खुब्याचा संधिवात हौशी धावणाऱ्यांत साडेतीन टक्के आणि न धावणाऱ्यांत दहा टक्क्यांहून थोडा जास्त आढळला. स्पर्धात्मक धावपटूंत तो तेरा टक्क्यांच्या वर होता. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावणं सोडतात, त्यामुळे हा फरक काहीसा फुगलेला असू शकतो, पण हौशी धावण्याने गुडघे जातात ही भीती त्यातून खरी ठरत नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात पूर्ण आणि अर्ध्या मॅरेथॉनच्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांत ५९ जणांचं हृदय शर्यतीत बंद पडलं. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखाला साधारण एक होतं, अर्धीत त्याच्या पाव. धोका लहान आहे, पण शून्य नाही, आणि म्हणूनच आधी तपासणी हवी. उलट बाजूने, लंडन मॅरेथॉनला प्रथमच उतरणाऱ्या १३८ जणांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही महिन्यांच्या तयारीने मुख्य रोहिणीचं वय साधारण चार वर्षांनी कमी झालं, आणि वयाने मोठ्या, गतीने मंद असलेल्यांना फायदा जास्त झाला. हा लाभ तयारीचा आहे, त्यासाठी ४२ किलोमीटर पूर्ण करायलाच हवेत असं नाही. अर्धीवर थांबणाऱ्यांचं मला पूर्ण पटतं. मी पूर्ण अंतर निवडलं, कारण तिथे शरीरातला साखरेचा साठा तिशीच्या किलोमीटरांत संपत येतो आणि उसनवारीच्या तयारीवर पुढे जाताच येत नाही. ऑकलंडच्या मार्गातल्या हार्बर ब्रिजवर, जिथे एरवी पायी जायला मनाई असते, चढताना दम लागतो आणि उतरताना प्रत्येक पावलाचा दणका नडगीवर आणि मांडीवर बसतो. तो उतार वर्षभर जपलेल्या पायांनी उतरता येतो, महिन्याभरात घाईने उभ्या केलेल्या पायांनी नाही.

ज्यांची तयारी यंदा मोडली आहे त्यांना माझी विनंती आहे. आधी आपल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जा, आपण दक्षिण आशियाई आहोत हे सांगून हृदयाची तपासणी करून घ्या आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. मग पुढच्या शर्यतीची तारीख नक्की करा, घरच्या कॅलेंडरवर लिहा आणि जिथे थांबला होता त्याच्या निम्म्या अंतरापासून पुन्हा सुरुवात करा.