फियाट द्यायची आहे



आमची फियाट, म्हणजे 1982ची प्रीमियर पद्मिनी, आता द्यायची आहे. यांना रात्रीचं नीट दिसत नाही आणि मुलांना स्टिअरिंगजवळचा गिअर जमत नाही.

मूळ गाडी इटलीची, फियाट 1100. पण आपली बनली कुर्ल्यात, शेठ वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कारखान्यात. सोलापूरचे आपलेच जैन. मालेगावजवळचा रावळगाव साखर कारखानाही त्यांचाच. (गोळ्या आठवतात ना?) सासूबाई तिला 'शेठजींची गाडी' म्हणत.

बी.कॉम.ला घसारा शिकले. घटत्या शिल्लक पद्धतीत किंमत कधीच शून्य होत नाही. भंगारवाला मात्र वजनावर मागतो. एक हॉटेलवाला चौपट देत होता, पण अर्धी कापून भिंतीत बसवणार! अपरिग्रह मान्य, पण चालती गाडी कापायला कशी द्यायची?

परवा पंचवटीतला एक तरुण मेकॅनिक आला. भाव न विचारता आधी बॉनेट उघडलं, ऑइल बोटावर घेऊन बघितलं. पैसे हप्त्याने देणार. हे लगेच म्हणाले, "आरटीओत नावावर करून घे, पासिंग पाच वर्षांचं मिळतं, पैशांचं नंतर बघू."

पहिला हप्ता मी तिथेच मोजून घेतला.