कूलंटचा डबा

आमची मारुती ८०० सन २००१ची. "पुण्यात कुठे बर्फ पडतो सर, साधं पाणी घाला की!" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण कूलंट काही फक्त थंडीसाठी नसतं. इथिलिन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर ते उणे ३५ अंशांलाही गोठत नाही हे खरं, पण ते उकळतंही उशिरा. मे महिन्यात खंबाटकीचा घाट चढताना उपयोग होतो तो याचाच. शिवाय गंज रोखणारी द्रव्यं असतात. बोअरचं पाणी मात्र नको, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटरच घ्यावं. आणि रंगावर जाऊ नये. हिरवं, लाल हे नुसते मिसळलेले रंग. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच बघावा.

मला खरा घोर असतो तो उरलेल्या कूलंटचा. हे विष चवीला गोड! मेकॅनिक सरबताच्या बाटलीत सुटं देत होता, मी घेतलं नाही. घरात साडेतीन वर्षांचा नातू, फाटकाशी मांजर. मांजराला चमचा-दीड चमचा पुरतो. पोटात गेलं की आधी दारू प्यायल्यासारखं होतं, मग यकृतात त्याचं आणखी जहाल विष बनून मूत्रपिंडं निकामी होतात. मधे थोडं बरं वाटतं, तिथेच घात होतो. वाट न पाहता इस्पितळ गाठावं, डबा सोबत न्यावा.

आमचा डबा मूळ लेबलासकट वरच्या फडताळात, कुलपात असतो. सांडलेलं लगेच पुसून भरपूर पाण्याने धुतो. सौ. म्हणते, "दागिन्यांना कधी एवढं जपलं नाहीत!" खरं आहे तिचं.